वर्गात सर्वांना सारखी जागा

याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात बसण्याच्या जागेचा प्रश्न आला आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा मिळते आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी बसायला सांगतात. याकोब याला पक्षपात म्हणतो आणि पापही म्हणतो. हीच कसोटी आपण प्राथमिक शाळेच्या वर्गाला लावून पाहू.

वंशभेद म्हटले की आपल्याला परदेशातला काळा-गोरा वाद आठवतो. पण जमात, रंग किंवा बोली यांवरून लहान मुलाला कमी लेखणे हाही त्याचाच प्रकार आहे. आदिवासी मुलाला तो मुख्यतः तीन ठिकाणी भेटतो.

पहिले ठिकाण भाषेचे. मेळघाटातली कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, तर गोंडी आणि कोलामी द्रविड कुळातल्या. त्यांचे मराठीशी नाते नाही. पहिलीत आलेले कोरकू मूल गप्प बसते, कारण त्याला प्रश्नच कळलेला नसतो. आपण मात्र त्याला 'मंद' ठरवतो. काही महिन्यांत त्यालाही ते खरे वाटू लागते.

दुसरे ठिकाण नावाचे. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पारध्यांवरही तो शिक्का बसला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी वर्गात पेन्सिल हरवली की नजर आधी पारध्याच्या मुलाकडे वळते. ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेत का येत नाही, हे कोणी विचारत नाही.

तिसरे ठिकाण हजेरीपटाचे. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पटावर मूल 'गैरहजर' दिसते आणि 'यांना शिक्षणाची आवडच नाही' असे आपण म्हणून मोकळे होतो.

ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे कोसबाडला वारली मुले गुरे राखण्यामुळे शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी कुरणातच शाळा भरवली. तिचे नाव कुरणशाळा. मुलात काय कमी आहे याऐवजी शाळेत काय कमी आहे, हे त्यांनी पाहिले. समावेशन म्हणजे हेच.

कायदाही याच बाजूने आहे. बालकांचा शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू आहे. वंचित घटकातील मुलाशी भेदभाव होऊ न देणे आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे ही त्यानुसार स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. मारण्याप्रमाणेच मानसिक छळालाही बंदी आहे. शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावे, असेही कायदा सांगतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि त्यांत वंचित घटकातील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते.

मग आपण काय करू शकतो? पाड्यातल्या आईवडिलांना या समितीत बसण्यासाठी धीर द्यावा आणि बैठकीला त्यांच्यासोबत जावे. पहिली-दुसरीच्या वर्गात मुलांची बोली जाणणारी पाड्यातलीच एखादी ताई मदतीला असावी, तिच्या मानधनाला हातभार लावावा. आईवडील भट्टीवर गेले तरी मूल गावात राहून शिकू शकेल, अशा हंगामी वसतिगृहाला साहाय्य करावे. आपल्या वसतिगृहांत आणि संडे स्कूलमध्येही मुलांना आपापल्या भाषेत गाऊ द्यावे, प्रार्थना करू द्यावी.

शिष्य मोठेपणावरून वाद घालत होते, तेव्हा प्रभू येशूने एका बालकाला घेऊन त्यांच्या मध्ये उभे केले. कडेला किंवा मागे नव्हे, मध्ये. आपल्या गावच्या शाळेत शेवटच्या ओळीत कोण बसते, हे या तिमाहीत एकदा जाऊन पाहा आणि त्या मुलाला नावानिशी आपल्या प्रार्थनेत आठवा.