प्रचालन प्रणालीच्या गाभ्यातील सुरक्षा-त्रुटी आणि अद्ययावतीकरण : न्हावा-शेवा बंदरावरील २०१७ च्या घटनेच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : प्रचालन प्रणाली, कर्नल, सुरक्षा-त्रुटी, पॅच, अद्ययावतीकरण, ग्रामीण संगणक वापर

प्रस्तावना :

संगणकाचा वापर आज शहरापुरता मर्यादित राहिलेला नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात असलेल्या सुलतानपूरसारख्या गावातही सातबाराचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, शिष्यवृत्तीची नोंदणी आणि बँकेचे व्यवहार यांचा संबंध संगणकाशी येतो. अशा ठिकाणी पडद्यावर ‘अद्ययावतीकरण सुरू आहे, संगणक बंद करू नये’ अशी सूचना झळकली की ती कामातील व्यत्यय वाटते. समोर माणसे खोळंबलेली असतात, वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. साहजिकच ती सूचना पुढे ढकलली जाते, कधी कायमची बंदही केली जाते. या सूचनेमागे नेमके काय घडते, ती टाळल्यास कोणती किंमत मोजावी लागते आणि ती डोळे झाकून स्वीकारणेही का इष्ट नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गाभ्याचे स्वरूप :

प्रचालन प्रणालीच्या मध्यवर्ती भागास कर्नल म्हणजेच गाभा असे म्हणतात. स्मृती, प्रक्रियक, डिस्क व नेटवर्क या साधनांची वाटणी करणे हे त्याचे कार्य होय. टंकलेखन, हिशेब, इंटरनेट इत्यादींसाठीचे प्रोग्राम मर्यादित अधिकाराच्या कक्षेत चालतात. त्यांना फाइल उघडावयाची असो वा माहिती पाठवावयाची असो, गाभ्याकडे रीतसर मागणी करावी लागते. गाभा मात्र सर्वोच्च अधिकाराने चालतो. गावच्या धान्यकोठाराची उपमा द्यावयाची झाल्यास, सामान्य प्रोग्राम हे खिडकीशी उभे असलेले गिऱ्हाईक, तर गाभा हा किल्ल्यांचा जुडगा बाळगणारा कोठीवाला होय. गिऱ्हाइकाची चूक एका पोत्यापुरती असते. कोठीवाल्याची चूक मात्र संपूर्ण कोठार उघडे टाकते. म्हणूनच गाभ्यातील त्रुटी सर्वाधिक गंभीर मानली जाते.

गाभ्यामध्ये लक्षावधी ओळींची संहिता असते व ती माणसांनीच लिहिलेली असते. राखून ठेवलेल्या जागेपेक्षा अधिक माहिती लिहिली जाणे, मोकळी केलेली स्मृती पुन्हा वापरली जाणे, दोन क्रिया एकाच वेळी घडल्याने त्यांचा क्रम चुकणे हे अशा त्रुटींचे प्रमुख प्रकार होत.

एका त्रुटीचा इतिहास :

विंडोज प्रणालीत फाइल व प्रिंटर यांची नेटवर्कवरून देवाणघेवाण करण्यासाठी एसएमबी नावाची व्यवस्था आहे. तिच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीचा सेवा-भाग गाभ्याच्या अधिकाराने चालत असे. त्यातील एक त्रुटी पुढे ‘इटर्नलब्ल्यू’ या हल्ल्याच्या साधनामुळे कुप्रसिद्ध झाली. बाहेरून आलेल्या यादीची लांबी दुरुस्त करून लिहिताना प्रणाली त्या संख्येचा फक्त खालचा अर्धा भाग बदलत असे. वरचा भाग तसाच राही. वहीत १०,००० खोडून ९,९५० लिहावयाचे आहेत, परंतु लिहिणाऱ्याने शेवटचे चारच अंक बदलले, तर पुढचा १ तसाच राहून १९,९५० हा आकडा तयार होतो. जागा राखली ९,९५० ची आणि माल उतरला १९,९५० चा, असा हा प्रकार होता. उतू गेलेली माहिती गाभ्याच्या शेजारच्या स्मृतीत शिरे आणि तिच्या आधारे हल्लेखोरास आपल्या आज्ञा गाभ्याच्या अधिकाराने चालविता येत. वापरकर्त्याने काही उघडण्याची वा टिचकी मारण्याचीही गरज नव्हती.

हे साधन अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडील असल्याचे मानले जाते. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी या त्रुटीवरील पॅच प्रसृत केला. एका महिन्याने, १४ एप्रिल रोजी ‘शॅडो ब्रोकर्स’ या नावाने वावरणाऱ्या गटाने ते साधन उघड केले. १२ मे रोजी, म्हणजे पॅच उपलब्ध झाल्यापासून ५९ दिवसांनी, ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक ग्रासले. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक ठरते. हा फटका प्रामुख्याने २०१४ मध्येच साहाय्य संपलेल्या विंडोज एक्सपीला बसला असे सर्वत्र समजले गेले. प्रत्यक्षात कॅस्परस्की या संस्थेच्या पाहणीत बाधित संगणकांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक संगणक विंडोज ७ वर चालणारे आढळले. त्या प्रणालीसाठी पॅच दोन महिने आधीच उपलब्ध होता. अर्थात औषध घरात होते. ते घेतले गेले नव्हते.

न्हावा-शेवा येथील प्रसंग :

२७ जून २०१७ रोजी, पॅचनंतर १०५ दिवसांनी, ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा प्रोग्राम युक्रेनमधून जगभर पसरला. तो वरकरणी खंडणी मागत असला तरी वस्तुतः माहिती नष्ट करणारा होता. मर्स्क या डॅनिश जहाजवाहतूक समूहाच्या यंत्रणेत तो शिरला आणि नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील, याच समूहाशी संलग्न कंपनीकडून चालविल्या जाणाऱ्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे संगणकीय कामकाज कोलमडले. कोणता कंटेनर कोठे आहे व कोणत्या ट्रकवर चढवावयाचा आहे हे संगणकच सांगत असल्याने क्रेन शाबूत असूनही काम खोळंबले. मर्स्कने पुढे सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केल्याचे तिच्या अध्यक्षांनी सांगितले. कंपनीचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर इतके झाले.

या घटनेतून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, नॉटपेट्याने इटर्नलब्ल्यूबरोबरच संगणकाच्या स्मृतीतील परवलीचे शब्द चोरण्याचाही मार्ग वापरला. त्यामुळे नेटवर्कमधील एक दुर्लक्षित संगणक पॅच लावलेल्या इतर संगणकांनाही घातक ठरू शकला. दुसरी, हा प्रोग्राम युक्रेनमधील एका हिशेब-प्रणालीच्या अद्ययावतीकरणाच्या मार्गानेच आत शिरला होता. म्हणजे अद्ययावतीकरणाचा स्रोत विश्वासार्ह असणे तितकेच आवश्यक आहे. तिसरी बाब भारनियमन अनुभवलेल्या विदर्भाच्या वाचकास विशेष जवळची वाटेल. मर्स्कच्या वापरकर्त्यांच्या नोंदी सांभाळणारे जगभरातील जवळजवळ सर्व सर्व्हर पुसले गेले. घानामधील एकच वाचला, कारण त्या वेळी तेथील वीज गेल्याने तो नेटवर्कपासून तुटलेला होता. नेटवर्कबाहेर ठेवलेल्या प्रतीचे महत्त्व यापेक्षा प्रभावीपणे सांगणे कठीण आहे.

पॅचची प्रक्रिया व तिच्या मर्यादा :

पॅच म्हणजे ठिगळ. त्रुटी शोधणारा संशोधक सामान्यतः ती प्रथम निर्मात्यास गुप्तपणे कळवितो. दुरुस्ती लिहून तिची चाचणी घेतली जाते, निर्मात्याच्या डिजिटल स्वाक्षरीसह ती प्रसृत होते आणि वापरकर्त्याच्या संगणकावर ती स्वाक्षरी तपासूनच स्थापित केली जाते. चालू गाभा स्मृतीत असल्याने बहुधा संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. सूचना मान्य करूनही संगणक पुन्हा सुरू केला नाही, तर जुनाच गाभा काम करीत राहतो. लिनक्समध्ये २०१५ साली आलेल्या ४.० या आवृत्तीपासून चालू गाभ्यातच काही दुरुस्त्या करण्याची सोय आहे. तथापि ती प्रामुख्याने मोठ्या सर्व्हरसाठी वापरली जाते.

पॅच प्रसृत होताच धोका संपत नाही, किंबहुना काही काळ तो वाढतो. जुनी व नवी संहिता शेजारी ठेवून पाहिली असता कोठे ठिगळ लागले ते दिसते आणि फाटके कोठे होते हेही हल्लेखोरास कळते. म्हणून विलंबाचा प्रत्येक दिवस त्याच्या पथ्यावर पडतो.

मुक्त प्रणालीही यास अपवाद नाही. लिनक्सच्या गाभ्यातील ‘डर्टी काऊ’ ही क्रम चुकण्याची त्रुटी २००७ पासून अस्तित्वात होती; ती ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्त झाली. संहिता सर्वांसाठी खुली असली तरी कोणीतरी ती बारकाईने वाचावी लागते.

दुसरीकडे, घाईचे अद्ययावतीकरणही महागात पडते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या, गाभ्याच्या अधिकाराने चालणाऱ्या सुरक्षा-प्रोग्रामला एक सदोष माहिती-फाइल पाठविली गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. चाचणी व टप्प्याटप्प्याने वितरण यांची आवश्यकता या प्रसंगाने अधोरेखित केली.

ग्रामीण वापरकर्त्यांसाठी उपाययोजना :

१) अद्ययावतीकरण बंद न करता त्यासाठी कामकाजाबाहेरची वेळ निश्चित करावी व ते पूर्ण झाल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा.
२) त्या वेळी वीज खंडित झाल्यास हानी होऊ नये म्हणून यूपीएसची सोय असावी.
३) महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत प्रथम एक-दोन संगणकांवर अद्ययावतीकरण करून दोन दिवस निरीक्षण करावे व नंतरच ते सर्वत्र लावावे.
४) पॅच केवळ निर्मात्याकडूनच घ्यावा, पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या प्रती टाळाव्यात.
५) महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत संगणकापासून अलग करून ठेवावी.
६) विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. जे जुने संगणक पुढील आवृत्ती पेलू शकत नाहीत, त्यांच्यासाठी सी-डॅकच्या बॉससारख्या लिनक्स-आधारित प्रणालींचा विचार करता येईल. मात्र तीही नियमित अद्ययावत ठेवावी लागेल.

समारोप :

गाभ्यातील त्रुटी डोळ्यांना दिसत नाही आणि तिच्यावरील दुरुस्तीही दिसत नाही. दिसतो तो केवळ पंधरा-वीस मिनिटांचा खोळंबा. न्हावा-शेवाच्या टर्मिनलवर अडलेले कंटेनर आणि गावातील केंद्रात अडकलेला शेतकऱ्याचा अर्ज यांच्या आकारात फार मोठे अंतर असले, तरी कारण एकच असू शकते. बंदराकडे पुन्हा उभे राहण्यासाठी हजारो संगणकांचे व कुशल माणसांचे बळ होते. एकाच संगणकावर चालणाऱ्या केंद्राकडे ते नसते. म्हणून ज्याच्याकडे साधने कमी, त्याने दक्षता अधिक बाळगावी, हेच या विवेचनाचे सार होय.