आयत्या पासवर्डचा अस्त

पिंपरी, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात मोठ्या वाहन कंपन्यांभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांचे दाट जाळे आहे. त्यांतील सीएनसी यंत्रे, यंत्रांच्या हालचालींचा क्रम सांभाळणारे पीएलसी नियंत्रक, राउटर आणि कॅमेऱ्यांचे डीव्हीआर ही सारी आज संगणकीय उपकरणेच आहेत. अशा उपकरणासोबत उत्पादकाने आधीच घालून दिलेल्या नाव-पासवर्डाला ‘डीफॉल्ट’ म्हणतात. एका बनावटीच्या सर्व उपकरणांना एकच पासवर्ड दिला की जोडणी सुलभ होते आणि माहितीपुस्तिकाही एकच पुरते, म्हणून ही प्रथा रुळली. मात्र ती पुस्तिका इंटरनेटवर कोणालाही वाचता येऊ लागल्यावर त्या पासवर्डात गुप्त असे काही उरले नाही.

याचा प्रत्यय २०१६ साली आला. ‘मिराय’ नावाच्या घातक प्रणालीने साठएक परिचित नाव-पासवर्ड आपोआप लावून पाहत असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या माऱ्याने, संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतील ‘डाइन’ कंपनीची सेवा ठप्प होऊन अनेक मोठी संकेतस्थळे बंद पडली. २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका पाणीपुरवठा यंत्रणेचा पीएलसी हल्लेखोरांच्या हाती गेला. त्या बनावटीच्या नियंत्रकांचा मूळ पासवर्ड ‘११११’ असा होता.

ग्राहक पासवर्ड बदलेल या भरवशावर सुरक्षा सोडता येत नाही, हे ध्यानात आल्याने जबाबदारी आता उत्पादकाकडे सरकत आहे. कॅलिफोर्नियाने २०२० पासून आणि ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना समान असलेल्या पासवर्डांना कायद्याने मज्जाव केला. ‘रास्पबेरी पाय’ या छोट्या संगणकानेही २०२२ मध्ये आपले ठरलेले नाव-पासवर्ड काढून टाकले, तर भारतात २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणी बंधनकारक झाली.

पासवर्डाइतकाच महत्त्वाचा प्रश्न परवानग्यांचा, म्हणजे आत शिरल्यावर कोणाला काय करता यावे याचा आहे. नव्या प्रणालींत ज्याला कामापुरते जेवढे लागते तेवढेच अधिकार सुरुवातीला देण्याचा दंडक रुजत आहे: ऑपरेटरने टूलच्या झिजेनुसार मापातील दुरुस्ती, म्हणजे ऑफसेट, भरावा, सेटरने प्रोग्रॅम बदलावा आणि यंत्राचे मूळ पॅरामीटर केवळ देखभाल विभागाच्या हाती राहावेत. तिन्ही पाळ्यांनी एकाच नावाने काम केले, तर चुकीचा बदल कोणी व केव्हा केला हे शोधताच येत नाही आणि बाहेरून आलेल्यालाही तेच सर्वाधिकार आयते मिळतात.

नवे नियम नव्या उपकरणांना लागू होतात, यंत्रे मात्र वीस-वीस वर्षे चालतात. म्हणून जुन्या यंत्रांची यादी करून त्यांचे मूळ पासवर्ड बदलणे, ती इंटरनेटपासून वेगळी ठेवणे आणि यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याला दुरून दिलेला प्रवेश काम संपताच बंद करणे, हे कारखानदारांनाच करावे लागेल. या पट्ट्यात एका लहान पुरवठादाराचे यंत्र थांबले की त्याच्या भागावर अवलंबून असलेली मोठ्या कंपनीची जुळणीही अडू शकते. त्यामुळे ही खबरदारी आता मालाच्या गुणवत्तेइतकीच धंद्याची मूलभूत अट मानली गेली पाहिजे.