दातदुखीचा तपास
दाताच्या बाह्य कवचास, म्हणजे इनॅमलला, संवेदना नसल्यामुळे कीड तेवढ्यापुरती मर्यादित असेतो दात दुखत नाही; परंतु तीच आतील मज्जेपर्यंत पोहोचली, म्हणजे चोहोंकडून कठीण भिंतींनी बंदिस्त असलेल्या त्या मृदू गाभ्यास सूज येऊन ठणका सुरू होतो. थंड पाण्याने उठलेली कळ क्षणात विरली तर मज्जा बहुधा वाचविता येते, रेंगाळली तर रूट कॅनाल बहुधा अटळ ठरते. हलक्या ठोक्याने दुखणारा दात मुळाशी पसरलेल्या दाहाची साक्ष देतो, आणि क्ष-किरणचित्र तीस दाखला पुरविते. तथापि वरच्या दाढांतील वेदनेचा उगम कधी गालामागील सायनसमध्ये, तर श्रमाबरोबर खालच्या जबड्यात उठणाऱ्या कळेचा क्वचित हृदयातही असतो. म्हणून रोग्याने बोट ठेवलेल्या दाताविरुद्ध एकतर्फी हुकूम न करता शेजारच्या दातांचीही जबानी घेणे दंतवैद्यास आवश्यक असते.