दुखण्याची नोंद

पहाटे ४.४५

सेमाडोह. डिसेंबर. सिपना नदीवरून येणारी थंडी कुडाच्या भिंतीला जुमानत नाही. तो उठून बसलाय, उभा राहिलेला नाही. आधी उजवा खुबा चाचपतो. मग गुडघे, मग मनगटं. आज काय दुखतंय ते बघून मग उठायचं, हे रोजचं. बायको वीट तापवून फडक्यात गुंडाळून देते. मोहाच्या तेलानं पोटऱ्या चोळते.

वय अठ्ठावीस. घरात कोरकू बोलतात, बाहेर वऱ्हाडी. नाव छापू नका, म्हणाला. आजार सिकलसेल. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात. पुढं रक्त जात नाही. जिथं जात नाही तिथं दुखतं. थंडीनं, अंगमेहनतीनं, पाणी कमी पडलं की जास्त. आई आणि बाप दोघेही नुसते वाहक होते, त्यांना कधी काही झालं नाही.

५.३०

कागद. आशाताईंनी काल संध्याकाळी येऊन लावून दिलेत. आधार, फोटो, रेशनकार्ड, सिकलसेलचा रक्ततपासणी अहवाल, दवाखान्यात भरती झाल्याच्या दोन चिठ्ठ्या, युडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, ऑनलाइन अर्जाची पावती. अर्ज भरायला शंभर रुपये गेले. रेंज नव्हती म्हणून दोनदा जावं लागलं, ते वेगळं. सगळं खताच्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत. वर हायड्रॉक्सीयुरियाचं पाकीट आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या.

भरतीच्या चिठ्ठ्या दोनच का, असं विचारलं. "दुखलं तं लय वेळा," तो म्हणाला. "पन रात्री कुठी जाऊ? घरीच पडून राहतो. भुमका येते, पाहून जाते." भुमका म्हणजे गावचा वैदू. तो चिठ्ठी देत नाही.

६.२०

रस्त्यावर उभे. रोजगार हमीच्या कामावरची आजची दोघांची हजेरी बुडाली. २०२५-२६चा दर ३१२ रुपये, म्हणजे ६२४. तसाही तो पूर्ण आठवडा काम करू शकत नाही. फावडं दोन दिवस, मग दोन दिवस खाटेवर. गावातली बरीच माणसं या दिवसांत खाली परतवाड्याकडं संत्रा तोडायला उतरतात. झाडावर चढणं त्याला जमत नाही, आणि टोपलं उचलणाऱ्याला लंगडून चालत नाही.

गाडी येते. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीत तिकीट नाही, बायकोला अर्धं. कंडक्टर त्याचं सिकलसेलचं कार्ड उलटंपालटं करून बघतो आणि परत देतो.

घटांगचा घाट. पाण्याची बाटली मांडीवर. डॉक्टरांनी सांगितलंय, दिवसभर पाणी पीत राहा. पण या आजारात मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही, सारखं लघवीला जावं लागतं. एसटी थांबत नाही. मग तो एक एक घोट घेतो, तोंड ओलं करण्यापुरता. तहान भागली तर पंचाईत, नाही भागली तर खुबा.

८.१५

परतवाडा. पन्नास किलोमीटरच्या आसपास झाले, अजून जवळपास तेवढेच. आधी मुतारी, पाच रुपये. चहा दोन, वीस रुपये. बायको घरून भाकरी आणि तिखट घेऊन आलीय, ती काढत नाही. दुपारी लागंल, म्हणते.

१०.२०

अमरावती. जिल्ह्याच्या दवाखान्यात दिव्यांग तपासणीची रांग बाहेर व्हरांड्यापर्यंत. बाकं दोन. काठ्या, कुबड्या, एक तीनचाकी सायकल. तो मात्र नुसता उभा आहे. दोन पाय, दोन हात, डोळे शाबूत. पुढचा माणूस मागं वळून त्याला वरपासून खालपर्यंत बघतो, विचारतो, "कोनाले घेऊन आले?"

१९९५च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते. रक्ताचे आजार त्यात नव्हते. २०१६च्या कायद्यानं एकवीस केले, त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आले. म्हणजे तो जन्मापासून आजारी आहे, पण सरकारदरबारी दिव्यांग ठरू शकतो तो गेल्या आठ-नऊ वर्षांतच. तेही चाळीस टक्के भरले तर. चाळीसच्या खाली पांढरं कार्ड, त्यावर पिवळं, ऐंशीपासून निळं. बहुतेक योजना चाळीसपासून उघडतात.

रांगेत एक हमाल आहे, कापसाच्या गाठी वाहून कंबर गेलेला. त्याला मागच्या खेपेला परत पाठवलं होतं. कंबर दुखते हे यादीत नाही. सांधा किती अंशात वळतो ते कोनमापकानं मोजतात, ताकद किती ते बघतात. त्याची कंबर वळते. वळताना जे होतं त्याला आकडा नाही. तरी आज परत आलाय. घरून निघताना म्हणे जास्त वाकून चालायला सांगितलं होतं, पण वाकलं की सरळ होता येत नाही.

१२.५०

नंबर लागला. आत तीन डॉक्टर. घाईत आहेत, पण नीट विचारतात.

"वर्षात किती वेळा भरती झाले?"

"दोनदा."

"रक्त चढवलं?"

"एकदा."

"आणि घरी किती वेळा दुखलं?"

तो बायकोकडं बघतो. तिनं भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्यात, पोळ्यापासून. तेरा. डॉक्टर हसत नाहीत. तेरा आकडा कागदाच्या कडेला लिहून ठेवतात, पण रकान्यात दोन. खुब्याचा एक्स-रे धुरकट आहे, हाड सुकायला लागलंय का ते एमआरआयशिवाय कळणार नाही. सुकलेलं निघालं तर टक्के वाढतील. मग सांगतात, दुखेल तेव्हा दवाखान्यात या, म्हणजे नोंद होईल.

सल्ला बरोबर आहे. गावात प्राथमिक आरोग्य केंद्रही आहे. तिथली नोंद चालते का, असं तो विचारतो. चालते, पण शिक्क्यासकट, तारखेसकट. हे त्याला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं तो गोळ्या न्यायला तिथं जातोय, आणि दुखणं तोंडी सांगून येतोय.

२.१०

एमआरआयची तारीख. बारा दिवसांनी. झेरॉक्स नऊ पानं, अठरा रुपये. दवाखान्याच्या भिंतीला टेकून भाकरी. तो फरशीवर बसत नाही. बसला तर उठायला दोन माणसं लागतात.

इथंच हिशेब होतो. प्रमाणपत्र मिळालं तरी पैसे सुरू होत नाहीत. मग संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, पंधरा वर्षं राज्यात राहत असल्याचा दाखला, चिखलदऱ्याला तहसील. चिखलदरा डोंगरावर, आणखी एक हजेरी बुडवून. या योजनेच्या यादीत सिकलसेलग्रस्त वेगळे लिहिलेत. महिना पंधराशे. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५पासून अडीच हजार केलेत. दोन्हींमधला फरक हजाराचा, म्हणजे तीन दिवसांचं फावडं. तेवढ्यासाठी एमआरआय.

"पंधराशेचाच अर्ज आधी टाकून देऊ," बायको म्हणते. "टक्के मंग पाहू." आज दिवसभरात ऐकलेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

४.४०

परतवाडा. उभी गाडी. बसायला जागा नाही. एक म्हातारी सरकून घेते, त्याला नाही, बायकोला. तो तरणाबांड दिसतो. बायको उठून त्याला बसवते. म्हातारीच्या चेहऱ्यावर जे यायचं ते येतं.

घाट चढायला लागल्यावर गारठा. डावा गुडघा बोलायला लागलाय, उजवा नाही. टोपी, मफलर, बाटलीत उरलेलं पाणी. एक गोळी.

७.३०

सेमाडोह. घरी जायच्या आधी आशाताईंचं घर. त्या दारातच विचारतात, किती टक्के? तो कागद देतो. त्या एमआरआयची तारीख स्वतःच्या वहीत उतरवून घेतात.

खर्च: बायकोचं तिकीट जाऊन-येऊन पावणेदोनशेच्या घरात, रिक्षा ऐंशी, चहा, मुतारी, झेरॉक्स. वर बुडालेले ६२४. हजाराच्या आगंमागं.

गुडघा आता चांगलाच चढलाय. आशाताई म्हणतात, चाल, केंद्रात जाऊ, सिस्टर आहे. त्याला घरी जायचंय, वीट तापवून पडायचंय. बायको पिशवी खांद्यावरून काढतच नाही.

"नोंद घ्या म्हनाव आधी," ती म्हणते, "मंग सुई."