शोषखड्डा जुलैत भरतो? कर्दळीच्या वाफ्यातून सांडपाणी असं साफ होतं

पेण/रोहा : जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर नळाचे पाणी धरले आहे. त्यातले सुमारे ७० टक्के आंघोळ, भांडी, कपडे होऊन पुन्हा गटारात येते. ५०० लोकवस्तीच्या गावात म्हणजे रोज जवळपास १९ हजार लिटर सांडपाणी. रोह्याच्या वरच्या अंगाला मुरमाड जमिनीत शोषखड्डा ते जिरवतो. पण पेणच्या खारेपाटात, शिर्की-वाशीकडे, खाली चिकण माती आणि पावसाळ्यात थोडे खणले की पाणी. तिथे खड्ड्यात जिरणार कुठे?

अशा जागी उपयोगी पडतो तो खडीचा पाणथळ वाफा. जर्मनीत केटे झायडेल या संशोधक बाईंनी १९५०च्या दशकात याचे प्रयोग सुरू केले. आपल्याकडे नागपूरच्या नीरी संस्थेची ‘फायटोरिड’ पद्धत याच जातीची.

पाणी आधी गाळाच्या टाकीत येते. खरकटे, राख, तेलकट साय इथेच अडवायची. तिथून ते वाफ्याच्या एका टोकाला मोठ्या दगडांत पडते, रुंदीभर पसरते आणि बारीक खडीतून आडवे सरकते. तळाला मीटरमागे एखादा सेंटिमीटर उतार पुरे. पाणी खडीच्या चार बोटे खालीच राहिले पाहिजे, म्हणजे डासही होत नाहीत. खडीवर बुळबुळीत थर धरतो, त्यातले जिवाणू घाण खातात. कर्दळ, पाणकणीस यांची मुळे त्यांना आसरा आणि थोडी हवा देतात. झाडच घाण शोषते असे लोकांना वाटते, पण मोठे काम या जिवाणूंचे.

त्यांना वेळ मात्र लागतो. खाचराच्या बांधाला तोंड पाडले की पाणी धावते, तसे इथे चालत नाही. या टोकाचे पाणी त्या टोकाला जायला तीनेक दिवस हवेत. खडीत पोकळी ३५ ते ४० टक्केच असते. त्या हिशेबाने १९ हजार लिटरला दोन फूट खोल आणि साधारण अडीच गुंठ्यांचा वाफा लागतो. अर्ध्या गुंठ्यात भागेल असे कोणी सांगितले, तर पाणी आत किती दिवस राहणार ते ग्रामसभेत विचारावे.

पातळी ठरवतो तो शेवटचा पाईप. त्याला फिरता एल्बो बसवतात, वर केला की आतले पाणी चढते. खारेपाटात हे तोंड उधाणाच्या पाण्याच्या वरच हवे, नाहीतर खाडी आत शिरेल. जमिनीतले पाणी येऊ नये म्हणून तळाला शेततळ्यासारखा जाड कागद घालतात. पागोळ्यांचे पाणी वेगळ्या गटाराने काढायचे. कोकणातला पाऊस वाफ्यात सोडला तर तीन दिवसांचे पाणी तासाभरात बाहेर.

हमरापूर, जोहे भागातल्या गणपती कारखान्यांचे प्लास्टरचे पाणी यात सोडू नये. खडीत प्लास्टर धरले की वाफा संपला. धाटावच्या रासायनिक पाण्यावरही हा इलाज नव्हे.

देखभाल म्हणजे टाकीतला गाळ काढणे आणि वाढलेली कर्दळ छाटणे. वाफ्याच्या सुरुवातीलाच पाणी वर दिसू लागले तर खडी तुंबली समजावे. तेवढा भाग उपसून, खडी धुऊन परत भरावी लागते.