मोटारीतील ध्वनियोजना : विद्युत्पुरवठा, स्पीकर आणि श्रवण

मोटारीत बसविलेल्या मोठ्या आवाजाच्या ध्वनियंत्रणेचा विचार भाषाशास्त्र विभागाच्या पत्रिकेत कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर एवढेच की, उच्चारणाइतकेच श्रवण हेही ध्वनिविज्ञानाचे क्षेत्र आहे. आणि ज्या बंदिस्त जागेत आज अनेक माणसे दिवसाचा तास-दीड तास भाषण, बातम्या व संगीत ऐकण्यात घालवितात, ती जागा म्हणजे मोटार होय. शिवाय ह्या विषयासंबंधी मराठीत जे बोलले जाते ते बहुधा विक्रेत्याच्या तोंडून; आणि विक्रेत्याच्या भाषेत आकडे पुष्कळ असले, तरी त्यांचा अर्थ निश्चित नसतो.

प्रथम परिभाषेची अडचण दूर केली पाहिजे. ‘ध्वनिक्षेपक’ हा शब्द आपल्याकडे कधी वक्त्यापुढील मायक्रोफोनला, तर कधी चौकातील कर्ण्याला लावण्यात येतो. एकच शब्द ध्वनी घेणाऱ्या व ध्वनी देणाऱ्या अशा दोन्ही साधनांना लागू पडत असेल, तर तांत्रिक विवेचनात तो निरुपयोगी होय. म्हणून येथे रूढ असलेले ‘स्पीकर’ व ‘अँप्लिफायर’ हेच शब्द स्वीकारले आहेत. ‘आवाज’ ह्या शब्दाची स्थिती तर याहून बिकट आहे. ध्वनी, कंठस्वर, गोंगाट आणि ध्वनीचा मोठेपणा हे चारही अर्थ तो वाहतो, आणि ‘दुप्पट आवाज’ ह्या प्रयोगात नेमके काय दुप्पट व्हावयाचे आहे हे सांगणारा क्वचितच भेटतो.

वस्तुस्थिती अशी आहे की, विद्युत्शक्ती दुप्पट केली असता ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबेलने वाढते. ऐकणाऱ्याला ध्वनी सुमारे दुप्पट मोठा भासण्यास १० डेसिबेलची वाढ लागते, म्हणजेच शक्ती दसपट करावी लागते. ५०० वॅटची यंत्रणा काढून २००० वॅटची बसविणाऱ्याने चौपट वीज खर्च करून ६ डेसिबेल मिळविलेले असतात; दुप्पट मोठेपणादेखील त्याच्या पदरात पडत नाही. आणि हे वॅट खरे असतील तर! वेष्टनावर ठळक अक्षरांत छापलेला आकडा पुष्कळदा क्षणिक कमाल शक्तीचा असतो. एके काळी आपल्या बाजारात ‘पी. एम. पी. ओ.’ ह्या शिक्क्याने हजारो वॅट मिरविणारी लहानशी यंत्रे सर्रास विकली जात. अखंड देता येणारी शक्ती, जिला व्यवहारात ‘आर. एम. एस. वॅट’ म्हणतात, तोच आकडा हिशेबात धरावा.

ह्या कारणाने योजनेचा आरंभ अँप्लिफायरपासून न करता स्पीकरपासून करणे मला अधिक युक्त वाटते. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली ज्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तो चलत्-कुंडलाचा, शंकूच्या आकाराच्या पडद्याचा स्पीकर तत्त्वतः आजही तसाच आहे, आणि त्याची कार्यक्षमता आश्चर्य वाटावे इतकी अल्प आहे. एक वॅट शक्तीने एक मीटर अंतरावर ८८ डेसिबेल देणारा स्पीकर मिळालेल्या विजेपैकी अर्धा टक्कासुद्धा ध्वनीत रूपांतरित करीत नाही. बाकी सर्व शक्ती कुंडलाच्या उष्णतेत जाते. म्हणूनच ८६ ऐवजी ९० डेसिबेल संवेदनक्षमतेचा स्पीकर निवडणे म्हणजे अडीचपट शक्तीचा अँप्लिफायर घेण्यासारखेच आहे. फरक इतकाच की, त्यासाठी बॅटरीवर अधिक भार पडत नाही. खरेदीच्या वेळी हा आकडा विचारणारे ग्राहक फार थोडे.

खालच्या नादांची गोष्ट निराळी आहे. तीच ध्वनिपातळी एक सप्तक खाली मिळवावयाची तर पडद्याला चौपट पल्ला हालावे लागते; म्हणून ४० हर्ट्झसाठी मोठा पडदा आणि काळजीपूर्वक मापलेली पेटी लागते. त्यातच मानवी कानाचा पक्षपात आहे. हार्वे फ्लेचर व वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, सौम्य पातळीवर ५० हर्ट्झचा नाद १००० हर्ट्झच्या नादाइतका मोठा भासण्यास त्याची पातळी ३० डेसिबेलहून अधिक वर न्यावी लागते. धावत्या मोटारीत चाकांचा व इंजिनाचा घोष मुख्यतः ह्याच खालच्या पट्ट्यात असतो, आणि तो खर्जाला झाकून टाकतो. तथापि मोटारीची बंद पोकळी लहान असल्यामुळे अगदी खालच्या नादांना तिच्यात आपोआप काहीसे बळ मिळते. खोलीत अपुरा वाटणारा सबवूफर मोटारीत पुरेसा ठरतो तो ह्यामुळे.

आता विजेकडे वळू. उदाहरणार्थ, चार स्पीकरांना प्रत्येकी ५० वॅट व सबवूफरला ३०० वॅट अशी एकूण ५०० वॅटची योजना घेऊ. अँप्लिफायर ‘डी’ वर्गाचा, ८० टक्के कार्यक्षमतेचा असेल तर त्याला ६२५ वॅट पुरवावे लागतील. इंजिन चालू असताना दाब सुमारे १३.८ व्होल्ट धरला, तर प्रवाह ४५ अँपिअर येतो. जुन्या ‘ए-बी’ वर्गाच्या, ५० टक्के कार्यक्षमतेच्या अँप्लिफायरला हाच आकडा ७२ अँपिअर होतो. हे कमाल क्षणांचे मान झाले. संगीतात चढउतार असतात; सरासरी प्रवाह कमाल मानाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या, म्हणजे आपल्या उदाहरणात १५ अँपिअरच्या आसपास धरणे सुरक्षित होय. लहान मोटारीचा अल्टर्नेटर एवढा भार बहुधा पेलतो. परंतु २००० वॅटच्या यंत्रणेची कमाल मागणी १८० अँपिअरच्या घरात जाते. ती पुरी करण्यास मोठा अल्टर्नेटरच हवा. मागणी त्याच्या आवाक्याबाहेर गेली की दाब कोसळून बॅटरीच्या १२.६ व्होल्टांपर्यंत किंवा त्याखाली येतो, आणि खर्जाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर दिवे मिणमिणू लागतात. (विद्युत्चालित मोटारींत अल्टर्नेटर नसतो, तेथे मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्ट देणाऱ्या परिवर्तकाची मर्यादा तपासावी लागते.)

दिवे मिणमिणल्यावर पुष्कळजण एक फॅरडचा कपॅसिटर विकत आणतात. १४.४ पासून १२ व्होल्टांपर्यंत उतरताना असा कपॅसिटर जेमतेम ३२ जूल ऊर्जा देतो, आणि आपल्या ६२५ वॅटच्या मागणीला ती सेकंदाचा विसावा भाग पुरते. एखाद्या ठोक्याचे तोंड त्याने सावरेल. उणा अल्टर्नेटर त्याने भरून निघत नाही. इंजिन बंद ठेवून वाजविण्याचा मोह तर टाळावाच. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी १५ अँपिअरने दीड तासात अर्धी रिती होते, आणि इंजिन सुरू करण्यास मग ती असमर्थ ठरू शकते.

ज्या ठिकाणी चूक केवळ खर्चाची न राहता जिवावर बेतते, ते ठिकाण म्हणजे तार. पाच मीटर लांबीच्या, ४ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून ४५ अँपिअर नेले, तर जवळजवळ १ व्होल्ट वाटेतच खर्च होतो आणि तारेत सुमारे ४४ वॅटची उष्णता निर्माण होते. १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत हाच ऱ्हास पाव व्होल्टाहूनही कमी भरतो. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार तांब्याची म्हणून खपविली जाते; तिचा रोध सुमारे दीडपट असतो. परतीचा प्रवाह गाडीच्या सांगाड्यातून जातो, तेव्हा तेथील रंग खरवडून, स्वच्छ लोखंडावर जोड घट्ट बसविला पाहिजे. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून ४५ सेंटिमीटरांच्या आत असावा, कारण तो अँप्लिफायरच्या रक्षणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो. पत्र्याच्या धारेवर घासून तारेचे आवरण फाटले, तर बॅटरी क्षणार्धात शेकडो अँपिअर ओतते व तार लाल होऊन आसनांखालील गालिचा पेट घेतो. फ्यूज मागे, अँप्लिफायरजवळ बसविला असेल, तर ह्या संकटात तो असून नसल्यासारखा होय. आपल्या उदाहरणात ६० अँपिअरचा फ्यूज योग्य ठरेल.

स्पीकरांच्या जोडणीविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास २ ओहम, एकसरीत जोडल्यास ८ ओहम होतात. अँप्लिफायरला सोसवेल त्याहून कमी रोध त्याच्या गळ्यात बांधू नये. आवाज फाटेपर्यंत अँप्लिफायर ताणला, तर तरंगांची शिखरे छाटली जाऊन सरासरी शक्ती वाढते आणि लहान स्पीकरांची कुंडले जळतात.

आता भाषाभ्यासकाच्या विशेष आस्थेचा भाग. खालचा नाद जसजसा प्रबळ होतो, तसतसा तो आपल्याहून वरच्या नादांना अधिकाधिक झाकतो. मराठीतील ‘जरा’ हा शब्द दंततालव्य उच्चारला तर ‘थोडेसे’, तालव्य उच्चारला तर ‘वार्धक्य’; ‘चार’ म्हणजे संख्या की ‘गुरांना चार’ ही आज्ञा, हेही त्याच भेदावर ठरते. हा भेद घर्षणाच्या उच्च कंप्रतेच्या पट्ट्यात राहतो आणि खर्जाच्या लोंढ्यात सर्वप्रथम बुडतो. स्वर मात्र तरतात. ध्वनी मोठा असूनही शब्द कळत नाहीत याचे हे एक कारण. दुसरी हानी कायमची आहे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यसंस्थेने १९९८ मध्ये सुचविलेल्या मर्यादेनुसार ८५ डेसिबेल आठ तास, तर १०० डेसिबेल केवळ पंधरा मिनिटे सोसावेत. आणि गोंगाटाने होणारा श्रवणऱ्हास प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास प्रकट होतो. ‘स’ व ‘श’ हा भेद कानाने टिपून क्षेत्रकार्य करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्याच लगतच्या पट्ट्यात उणेपणा आलेला परवडणार नाही.

मापन करताना एक सावधगिरी बाळगावी. वर दिलेल्या मर्यादा व २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतील निवासी क्षेत्राच्या दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ह्या मर्यादा ‘ए’ भारांकनाच्या आहेत. हे भारांकन ५० हर्ट्झच्या नादातून सुमारे ३० डेसिबेल वजा करते. मोटारीत ५० हर्ट्झचा नाद ११० डेसिबेलवर घुमत असताना मापकावर त्याचे ८० दिसतील, आणि शेजारच्या घराची तावदाने मात्र थरथरत असतील.