दर मिनिटाला घड्याळ पाहणारा क्रॉन

डेटाबेसचा बॅकअप, जुन्या लॉग फाइल्सची आवराआवर, ग्राहकांना जाणारे ईमेल... लिनक्स सर्व्हरवर अशी कितीतरी कामं रात्री-अपरात्री आपसूक होतात. त्यांतली बरीचशी क्रॉन नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅमच्या जिवावर. युनिक्सच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीत तो होता. आज अनेक लिनक्स यंत्रांवर जो क्रॉन असतो, तो पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनचा वंशज.

क्रॉन दर मिनिटाला जागा होतो, 'क्रॉनटॅब' नावाची यादी चाळतो, वेळ जुळली तर आज्ञा चालवतो आणि परत झोपतो. यादीतल्या प्रत्येक ओळीत आधी पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. '३० २ * * १' म्हणजे दर सोमवारी पहाटे अडीच वाजता. तारांकन म्हणजे 'काहीही चालेल'.

खरी गंमत तारीख आणि वार दोन्ही भरल्यावर होते. '० ९ १३ * ५' लिहिणाऱ्याला तेरा तारखेचा शुक्रवार हवा असतो, पण क्रॉन दर तेरा तारखेला चालतो आणि शिवाय दर शुक्रवारी. दोन अटींपैकी एक जुळली की त्याला पुरे. क्रॉनला तिथी कळत असती, तरी अंगारकी सांगता आली नसती. दर मंगळवारी आणि दर चतुर्थीला उपवास घडला असता!

नवशिक्यांचा घाम निघतो तो दुसऱ्याच कारणानं. हातानं चालवलेली स्क्रिप्ट सुरळीत चालते, क्रॉनमध्ये टाकली की बंद. कारण क्रॉनला तुमच्या टर्मिनलच्या सेटिंग्ज माहीतच नसतात. प्रोग्रॅम शोधायला तो मोजकेच फोल्डर पाहतो. म्हणून आज्ञेचा पूर्ण पत्ता लिहावा. सर्व्हरचं घड्याळही तपासावं: ते यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असेल, तर त्याची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच.

क्रॉनला मागचं काही आठवत नाही. अडीच वाजता यंत्र बंद होतं? मग ते काम राहिलं ते राहिलंच. दर पाच मिनिटांचं काम सात मिनिटं रेंगाळलं, तरी तो दुसरी प्रत बिनदिक्कत सुरू करतो आणि दोघी एकाच फाइलवर तुटून पडतात. पहिल्या अडचणीवर ॲनाक्रॉन किंवा लिनक्सच्या सिस्टमडीचे टायमर आहेत, ते चुकलेलं काम यंत्र सुरू झाल्यावर उरकू शकतात. दुसरीवर 'एफलॉक' या आज्ञेचं कुलूप.

आणि कृपा करून सगळी कामं रात्री बाराच्या ठोक्याला लावू नका. शेकडो यंत्रं त्याच क्षणी एकाच सर्व्हरचं दार ठोठावतात. डेबियन या लिनक्स प्रकाराच्या मूळ यादीत रोजची कामं सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी आणि तासाची कामं १७ व्या मिनिटाला लावलेली असतात. सिस्टमडीच्या टायमरला तर 'थोडा कमीजास्त उशीर कर' असंही सांगता येतं.